दिल्लीतल्या तज्ज्ञ कमिटीचा सल्ला कुठं शोधायचा, कसा वाचायचा आणि त्यावर आपलं म्हणणं कसं पाठवायचं

३१ जुलै २०२४ ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं पश्चिम घाटाच्या इको सेन्सिटिव्ह एरियाचा, म्हणजे निसर्गाच्या दृष्टीनं नाजूक म्हणून राखायच्या भागाचा मसुदा परत काढला, तेव्हा कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीकडच्या आमच्या मामांचा रात्री फोन आला, "अरे आमच्या गावाचं नाव यादीत हाय म्हणे, आता भात लावायला देत नाहीत काय?" ग्रुपवर एक पीडीएफ फिरत होता, उघडून कुणी वाचलेला नाही आणि सगळे घाबरलेले. मी दोन-तीन रात्री बसून शोधलं, मामी विचारायची "अजून काय शोधूलास रे?" तेव्हा जे कळलं ते सांगतो, खानापूर तालुक्यातली बरीच गावं त्या यादीत आहेत म्हणून आपल्याला हे यायलाच पाहिजे.

सगळ्यात आधी हातातला कागद कुठला आहे ते बघा. तज्ज्ञांचा अहवाल म्हणजे फक्त सल्ला, तो कुणावर बंधनकारक नाही. मसुदा अधिसूचना म्हणजे सरकार म्हणतंय की आम्ही असं करणार आहे, तुमचं काय म्हणणं आहे सांगा. अंतिम अधिसूचना निघाली की मग तो कायदा. मामांच्या हातात होता तो मसुदा, आणि त्यातल्या बंदीच्या यादीत शेती नाही, बंदी आहे ती खाण, दगडखाण, वाळू उपसा, रेड कॅटेगरीतले म्हणजे जास्त प्रदूषण करणारे नवे कारखाने आणि २०,००० चौरस मीटर नि त्यावरची बांधकामं यांना. हे वाचून दाखवलं तेव्हा मामा शांत झाले. माझं मत विचाराल तर खाणीला बंदी हवीच, मलप्रभा आपल्या कणकुंबीत उगम पावते, तो डोंगर फोडला तर खाली प्यायचं काय?

आता सल्ला देतं कोण. प्रधान वैज्ञानिक सल्लागार हे पद १९९९ पासून आहे, पहिले होते अब्दुल कलाम, २०२२ ला अजय कुमार सूद त्या पदावर आले. पण ते सगळ्या सरकारचं विज्ञान धोरण बघतात, आपल्या गावाच्या यादीसाठी तिकडं पत्र लिहून उपयोग नाही. खरं काम मंत्रालयाच्या आपल्या कमिट्यांत चालतं, म्हणून मंत्रालय कुठलं ते आधी पकडा आणि त्यांच्या वेबसाइटवर कमिटीचं नाव शोधा. मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीचं असेल तर पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर तज्ज्ञ समितीचा अजेंडा नि मिनिट्स (बैठकीत काय ठरलं त्याची लेखी नोंद) दोन्ही मिळतात.

कमिटी सापडली की शिफारशींवर उडी मारू नका, आधी कार्यकक्षा वाचा, म्हणजे त्यांना प्रश्न काय विचारला होता ते. हे मी सगळ्यात जास्त ठासून सांगेन. पश्चिम घाटासाठी पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळांची समिती २०१० ला नेमली, २०११ ला अहवाल, त्यांनी सगळाच घाट संवेदनशील धरून तीन झोन सांगितले आणि ग्रामसभेला मोठी जागा दिली. मग २०१२ ला अंतराळ शास्त्रज्ञ कस्तुरीरंगन यांचा गट नेमला, त्यांना तो अहवाल आणि त्यावर आलेल्या हरकती बघून पुढं काय ते सांगायचं होतं, त्यांनी उपग्रहाच्या नकाशावरून २०१३ ला साधारण ३७ टक्के घाट धरला. डोंगर तेच पण प्रश्न वेगळा, मोजायची पद्धत वेगळी, मग उत्तर पण वेगळं. सरकारनं दुसरा अहवाल आधाराला घेतला, ती निवड मंत्रालयाची, विज्ञानाची नव्हे. त्यामुळं "तज्ज्ञांनी सांगितलंय" असं कुणी म्हटलं की विचारा, कुठल्या तज्ज्ञांनी, कुठल्या प्रश्नाला?

आणि मंत्री सल्ल्याच्या उलट पण जाऊ शकतो बरं का. बीटी वांग्याचं, म्हणजे कीड लागू नये म्हणून जनुक बदललेल्या वांग्याचं बघा, धारवाडच्या कृषी विद्यापीठानं ज्या जाती घेतल्या होत्या त्यात आपल्या रायबाग तालुक्यातल्या कुडचीच्या नावाची कुडची लोकल पण होती. जीईएसी या, असल्या पिकांना मंजुरी देणाऱ्या केंद्राच्या समितीनं ऑक्टोबर २००९ ला हो म्हटलं, मग मंत्री जयराम रमेश यांनी बेंगळूरसकट सात शहरांत लोकांचं ऐकलं आणि ९ फेब्रुवारी २०१० ला स्थगिती दिली, कारणं पण लेखी जाहीर केली. असं कारणांचं पत्र प्रत्येक निर्णयात मागायला पाहिजे आपण.

वेबसाइटवर मिळालं नाही तर आरटीआय. केंद्राच्या आरटीआय पोर्टलवरून होतं, १० रुपये फी, बीपीएल असाल तर तेही नाही, उत्तर ३० दिवसांत. आता आपल्या भागाची अडचण नीट ऐका, कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढंच आहे, आपल्याकडं ती कन्नड, म्हणून मराठीत अर्ज टाकला तर अडकू शकतो. घरी मराठीत लिहून काढा आणि कॉलेजला जाणाऱ्या पोरांकडून इंग्रजी करून घ्या. मागायचं काय, तर कमिटी नेमल्याचा आदेश, बैठकांचे मिनिट्स, वेगळं मत नोंदवलं असेल तर ते, आणि शिफारस मानली किंवा नाकारली त्याची फाइल नोटिंग, म्हणजे फाइलवर अधिकाऱ्यांनी लिहिलेले शेरे. "विषय विचाराधीन आहे" म्हणून नाकारलं तर सोडू नका, ३० दिवसांत पहिलं अपील करा, त्याला फी नाही. गाडगीळ अहवाल पण मंत्रालयानं असाच दाबून धरला होता, माहिती आयोग नि मग दिल्ली हायकोर्टानं सांगितल्यावर मे २०१२ ला बाहेर आला. मंत्रिमंडळाचे कागद आधी मिळत नाहीत, पण निर्णय होऊन विषय संपला की कारणं आणि कशाच्या आधारावर ते उघड करायचं कायद्यातच आहे.

हरकत पाठवायला मसुद्यानंतर ६० दिवस असतात. नुसतं "आमचा विरोध आहे" लिहिलं तर त्याचं वजन काय? कस्तुरीरंगन गटाचा निकष असा की गावाच्या क्षेत्रात २० टक्के किंवा जास्त नैसर्गिक भाग असला की गाव यादीत, म्हणून त्या आकड्यालाच हात घाला. आमच्या गावात काजूच्या बागा किती, भाताची शेतं किती, रान किती, सर्वे नंबर आणि पहाणी उताऱ्यासकट लिहा, वरून बागेचं हिरवं नि जंगलाचं हिरवं यात गफलत होऊ शकते आणि ती आपणच दाखवायची. रान खरंच असेल आणि ते राखायचं असेल तर तसं पण लिहा, पाठिंबा देणारं पत्र पण पोचायला पाहिजे. ग्रामसभेचा ठराव पीडीओंकडून (पंचायत विकास अधिकारी) घ्या, तो कन्नडमध्ये असणार म्हणून सोबत एक पान इंग्रजी सारांश जोडा. यादीत गावांची नावं इंग्रजी स्पेलिंगात असतात, आपलं गाव त्यात कसं लिहिलंय तसंच पत्रात लिहा.

ईमेल केला तरी एक प्रत स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती फाइलला लावा. हा मसुदा २०१४, २०१५, २०१७, २०१८, २०२२ आणि २०२४ असा सहा वेळा निघालाय, मुदत संपली की नवा येतो, म्हणून पत्राची कॉपी नि पहाणी उतारे एका पिशवीत ठेवून द्या, नवा मसुदा आला की तारीख बदलून, आकडे ताजे करून परत पाठवता येतं. मामांची पिशवी आता देवघराच्या कपाटात आहे.