वशिंडाच्या जनावरालाही ऊन लागतं

"खिलाराला कसलं ऊन लागतंय?" कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ-हातकणंगल्याकडं दर एप्रिलात हे ऐकू येतं. यातलं अर्धंच खरं आहे. खिलार, गीर, देवणी ही वशिंडाची जनावरं संकरित गाईपेक्षा ऊन चांगलं पेलतात. आखूड, तुकतुकीत केस, सैल कातडी, गळ्याखालची लोंबती पोळी आणि भरपूर घाम यामुळं अंगातली उष्णता बाहेर पडते. पण वशिंडात पाणी साठत नाही, तिथं स्नायू आणि चरबी असते. तहान त्यांनाही लागते.

परवा एका गोठ्यात दुपारी एक वाजता काळ्या बॅरलमध्ये हात घातला तर चटकाच बसला. खोंड तोंड लावायचा आणि मागं सरायचा. मालक म्हणाले, "पाणी भरून ठेवलंय की, पीतच नाही." बॅरल झाडाखाली ओढलं, ओलं गोणपाट गुंडाळलं, ताजं पाणी भरलं, मग खोंडानं पिताना मान वर केली नाही. मोठ्या जनावराला या दिवसांत रोज 50 ते 80 लिटर पाणी लागतं, आणि ते गार हवं. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी सोडून द्या.

बैलांचं काम सकाळी दहाच्या आत आणि चारनंतर. जू उतरलं की खांद्यावरून हात फिरवा. जागा गरम, फुगीर लागली तर बरं होईपर्यंत त्या बैलाला जुंपू नका. बैल तोंड उघडून धापत असेल, लाळ गळत असेल तर आधी सावलीत घ्या, अंगावर भरपूर पाणी ओता आणि डॉक्टरांना बोलवा.

आपल्याकडं उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, फुकटात मिळतं म्हणून जनावर त्याच्यावरच ठेवतात, हे मला पटत नाही. वाढ्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं. सोबत कडबा आणि रोज खनिज मिश्रण द्याच. वाळली वैरण रात्री टाका. ती पचताना अंगात उष्णता होते. पाण्याच्या ताणातली कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतरची फूट अजिबात चारू नका, विषबाधेनं जनावर तासाभरात जातं.

गगनबावडा, राधानगरीकडं खरी परीक्षा पावसाची. तिथं तेलकट कातडीची डांगी जात जास्त टिकते.

घटसर्प आणि फऱ्या या जनावरांच्या रोगांची लस मेअखेरपर्यंत टोचून घ्या. बेंदराच्या, बैलांच्या सणाची वाट बघू नका, तोवर पाऊस लागलेला असतो.