मांजर गेल्यावर दुसरी कधी आणावी

मांजर गेल्याची बातमी पेठेत फिरली, की दोन दिवसांत कुणीतरी पिल्लू घेऊन आमच्या दुकानाच्या पायरीशी उभं राहतं. कापडी पिशवी, तोंडाला सुतळी, आत म्याव म्याव. "घ्या काकू, तुमची गेली ना." मायेनंच आणलेलं असतं, शिवाय त्यांच्या घरचं एक पिल्लू कमी होतं. दुसरी मंडळी सांगतात, "आता पुन्हा पाळूच नका, उगाच जीव लागतो." तुमच्या घरात काय चाललंय ते या दोघांनाही ठाऊक नसतं. दोघांनाही चहा पाजा आणि उत्तर नंतर देते म्हणून सांगा.

अमळनेरला आमचं भुसार दुकान आहे. खाली दुकान, मागे गोदाम, वर राहतं घर. गहू, दादर ज्वारी, हरभरा, तूर, सगळी पोतीच पोती, त्यामुळे मांजरीशिवाय या वास्तूत कुणी राहिलेलंच नाही. सासऱ्यांच्या काळात प्रत्येक मांजरीचं नाव मनी. एक गेली की पुढची आली तीही मनी. मांजरीचं काही विचारायचं असलं की गिऱ्हाइकं माझ्याकडे येतात, आणि मी सगळ्यात आधी विचारते: गेली कशानं?

अर्धा निर्णय तिथंच होतो. म्हातारपणानं, किडनी निकामी होऊन गेली असेल तर पुढच्या मांजरीला घरात धोका उरत नाही, फक्त माणसांचं बघायचं. पण लहान किंवा तरणी मांजर उलट्या-जुलाबानं दोन-चार दिवसांत गेली, पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसायची पण पाणी पीत नव्हती, असं काही असेल तर मांजरांच्या पार्वोचा संशय घ्या. डॉक्टर त्याला पॅनल्युकोपेनिया म्हणतात. त्याचा विषाणू फरशीच्या भेगेत, गोधडीत, टोपलीत वर्षभरसुद्धा तग धरतो. त्या घरात बिनालशीचं पिल्लू आणायचं नाही, मग कुणी कितीही गोंडस आणून देवो.

अशा घराची सफाई करायची ती अशी. तिची गोधडी, टोपली, मातीचं भांडं, जे जे धुऊन निघत नाही ते टाकून द्या. फरशी आधी साबणानं घासून काढा, कारण घाण राहिली तर पुढचं औषध काम करत नाही. मग साधं कपड्यांचं ब्लीच, १ लिटर पाण्यात ३० मिली म्हणजे दोन मोठे चमचे, पसरा आणि १० मिनिटं फरशी ओली ठेवा. नंतर स्वच्छ पाण्यानं पुसा. ब्लीचमध्ये संडासचं अॅसिड किंवा दुसरं काही मिसळू नका, विषारी वायू होतो. फिनाईल या कामाचं नाही, आणि वर ते मांजरीला बाधतं. ती पंजे चाटते आणि पोटात जातं. आपल्याकडे अजून धाब्याची घरं आहेत, खाली शेणानं सारवलेली जमीन. तिथं ब्लीच ओतून उपयोग नाही, मातीत त्याचा जोर मरतो. त्या घरात पुढची मांजर आणायची तर मोठी, लसी पूर्ण झालेली आणा, नाहीतर थांबा.

विषानं गेली असेल तर वेगळं. आमची चिंगी तशीच गेली. चैत्रात, लोक वर्षाचा गहू भरायला येतात त्या दिवसांत, कुणाच्या तरी गोदामात उंदरांच्या विषाच्या वड्या ठेवलेल्या होत्या. वडी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, तीन-चार दिवस झिंगल्यासारखा फिरतो, आणि असा उंदीर मांजरीला आयता सापडतो. चिंगीच्या हिरड्या पांढऱ्या फटक पडल्या होत्या, नाकातून रक्ताची बारीक धार लागली होती. ढोरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं, पण उशीर झालेला होता. तुमच्याकडे असं झालं तर पुढची मांजर आणण्याआधी आजूबाजूच्या चार घरांत नि गोदामांत स्वतः जाऊन विचारा, वड्या कुठं कुठं आहेत. भांडायला जाऊ नका, भांडलं की लोक लपवतात. वड्या उचलल्यावरही काही आठवडे जाऊ द्या, म्हणजे ज्या उंदरांनी आधीच खाल्लंय ते संपतील. धान्यात कीड मारायच्या सल्फासच्या विषारी गोळ्या टाकल्या असतील तर त्या खोलीत मांजरच काय, माणसानंही वावरायचं नाही.

आणि गाडीखाली गेली असेल, तर रस्ता काही हललेला नाही. गच्चीला जाळी मारता येते का, रात्री आत ठेवता येते का, हे ठरेपर्यंत दुसरी आणू नका.

नुसतीच दिसेनाशी झाली असेल तर गेली असं धरू नका. नसबंदी न झालेला बोका कित्येक दिवस बाहेर राहून खरचटून परत येतो. मांजर बिथरली की बहुतेक वेळा जवळच, जिन्याखाली किंवा शेजारच्या बंद खोलीत दबून बसते आणि हाकेला ओ देत नाही. रात्री सामसूम झाल्यावर बॅटरी घेऊन शोधा, डोळे चमकतात.

आता उंदरांचं. दुकानदार, शेतकरी, ज्याच्याकडे धान्य आहे तो म्हणतो, "दुःख करायला वेळ कुठाय, उंदीर पोती फाडताहेत." घाईघाईत पिल्लू येतं ते याच कारणानं. पण दोन महिन्यांचं पिल्लू घुशीसमोर काय करणार? नीट शिकार करायला त्याला निदान सहाएक महिने लागतात, आणि ते आईकडून शिकलं नसेल तर त्याहून जास्त. तेवढ्यात उंदरांचा बंदोबस्त दुसरा करा. पोती भिंतीपासून हातभर लांब, लाकडी फळ्यांवर रचा. बिळात काचेचे तुकडे कोंबून वर सिमेंट मारा. संध्याकाळी तारेचा पिंजरा लावा, आत भाकरीचा तुकडा शेंगदाण्याच्या तेलात बुडवून. चिकट पुठ्ठा लावू नका, पुढे पिल्लू आणलंत तर तेच त्यावर चिकटेल. इतकं केलं की "मांजर लगेच हवी" हा रेटा कमी होतो, आणि मग आपल्याला खरंच मांजर हवी आहे का, हे कळायला लागतं.

घरात दुसरं मांजर असेल तर त्याचं मत आधी घ्या. चिंगी गेल्यावर आमचा भुऱ्या रात्री गोदामात जाऊन तिच्या नेहमीच्या पोत्यापाशी ओरडायचा. तिथंच बसून राहायचा, खायला बोलावलं तर यायचा नि वास घेऊन परत जायचा. सासूबाई त्याला म्हणायच्या, "रडीसन काय व्हई? खाई ले." घरातले सगळे म्हणायला लागले, त्याला जोडीदार आणा. बैलाची जोडी मोडली की दुसरा बैल आणतात, तसं मांजराचं नसतं. त्याला जागा लागते, आणि अनोळखी मांजर म्हणजे जागेवर दावा सांगायला आलेलं कुणीतरी. आधीच बिथरलेल्याच्या अंगावर नवं आणून टाकलं तर ते कोपऱ्यात मुततं, कपाटावर जाऊन बसतं, खाणं आणखी कमी करतं. मांजरानं दोन दिवस काहीच तोंडाला लावलं नाही तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. उपाशी राहिल्यानं मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि त्यानं जीव जातो, अंगानं जाड मांजराला तर हा धोका जास्तच. ते पहिल्यासारखं खाऊ लागलं, अंग चाटू लागलं, आपल्या ठरलेल्या जागी झोपू लागलं, की मग नव्याचा विचार.

माणसांमध्ये सगळ्यात उशीर लागतो तो घरातल्या म्हाताऱ्यांना, आणि ते बोलत नाहीत. आमच्या सासूबाई दुपारी पडायच्या तेव्हा चिंगी त्यांच्या पायाशी असायची. त्यांना विचारलं तर म्हणणार, "तुमचं तुम्ही ठरवा." विचारायचं असं, की कामं कोण करणार? मांजर १२ ते १५ वर्षं जगते, घरातली तर त्याहूनही जास्त. सत्तरीतल्या माणसाच्या भरवशावर पिल्लू आणत असाल तर पुढं ते कोणाकडे जाईल ते आधी बोलून घ्या. पायात लुडबुडणारं पिल्लू म्हाताऱ्या माणसाला पाडतंही. अशा घराला शांत, चार-पाच वर्षांची मोठी मांजर बरी. पण पिल्लाशिवाय मांजर पाळली असं आपल्याकडे कुणाला वाटतच नाही.

मन तयार झालं की नाही, याची माझी एक साधी चाचणी आहे. कुणाचं पिल्लू बघायला गेलात, आणि पहिला प्रश्न "तिच्यासारखं तीनरंगी आहे का?" असा निघाला, तर परत या. रंगावर स्वभाव ठरत नाही. तीनरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादी असते एवढं खरं, पण तिच्या पोटच्या पिल्लाच्या अंगावरही ठिपके तिच्यासारखे पडत नाहीत. आणि पिल्लू खोडकर आहे, भित्रं आहे, एकटंच बाजूला बसतंय, हे तुम्हाला दिसायला लागलं, तर आणा. तेव्हा पंधरा दिवस झालेत की वर्ष, हे मोजत बसू नका. लोक काय म्हणतील त्याची फिकीर तर अजिबात नको. लगेच आणली म्हणून जुनीवर माया नव्हती असं होत नाही. आणि नाव तेच ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा, आमच्या सासऱ्यांच्या सगळ्या मन्या सुखात नांदल्या.

मुलं मात्र आधी विचारतात, मग रडतात. त्यांना मांजर "पळून गेली" असं सांगू नका, ती रोज दार उघडं ठेवतील.

खानदेशात दिवस बघून आणावं लागतं. पिल्लं जास्त दिसतात ती फाल्गुनापासून पुढे, म्हणजे नेमकी उन्हाळ्यात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो. त्या उन्हात दुचाकीच्या डिकीत किंवा बंद खोक्यात पिल्लू आणलं तर घरी पोहोचेपर्यंत ते मलूल होतं. आणायचंच असेल तर पहाटे, भोकं पाडलेल्या टोपलीत, खाली ओलं फडकं घालून. गच्चीवर कुरडया-बिबडे वाळत असताना आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी घरी आल्या असताना नवं पिल्लू आणू नये, त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नसते आणि दार दिवसभर उघडं. दिवाळीच्या आधीचा आठवडाही नको, फटाक्यानं बुजून पळालं तर त्याला घराचा रस्ता माहीत नसतो. पहिला पाऊस पडून गेल्यावरचे दिवस मला सगळ्यात बरे वाटतात. पुण्याच्या भाच्यानं पर्शियन पाठवू का विचारलं होतं. एवढे केस आणि चपटं नाक घेऊन ती इथं जूनपर्यंत धापा टाकत बसेल. नको म्हटलं.

पिल्लू ८ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका, १२ झाले तर आणखी छान. पिशवीतून आलेली ती डोळे नुकते उघडलेली पिल्लं निम्मी तरी जगत नाहीत असं लोक सांगतात, आणि त्यांना वाटीभर गाईचं दूध पाजलं की जुलाब ठरलेले. आणण्याआधी लशीचं विचारून ठेवा. पहिली लस ८ आठवड्यांच्या सुमारास, मग ३-४ आठवड्यांच्या अंतरानं १६ आठवड्यांपर्यंत, रेबीजची १२ आठवड्यांनंतर. तालुक्याला मांजरांची लस नेहमी नसते, म्हणून जळगाव-धुळ्याला फोन करून मगच निघा. पाचव्या-सहाव्या महिन्यात नसबंदी, नाहीतर वर्षाच्या आत पाच पिल्लांची पिशवी घेऊन तुम्हीच कुणाच्या तरी पायरीशी उभे राहाल.

पुष्कळदा आपण ठरवेपर्यंत भटकी मांजर स्वतःच येऊन बसते. तिला खायला ठेवायचं की नाही, हाच मग निर्णय. कानाचं टोक कापलेलं असेल तर तिची नसबंदी झालेली आहे. शेजारी कुणी तिला खायला घालत असेल का, ते विचारा. पहिल्या दिवसांत उचलायला जाऊ नका. चावली किंवा ओरबाडली तर जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनसाठी दवाखान्यात जा, हळद भरून घरी बसू नका.

आणि आल्यावर पहिल्या दिवशी सगळं घर दाखवू नका. एक खोली, एक पाण्याची वाटी, एक वाळूची परात. घरात दुसरं मांजर असेल तर दार बंद ठेवून दोघांची जेवणं दाराच्या दोन्ही बाजूंना ठेवायची, दोघांच्या अंथरुणाची फडकी अदलाबदल करायची, आणि गुरगुर थांबल्यावरच फटीतून एकमेकांना बघू द्यायचं. याला आठवडे लागतात, कधी महिनाही.

आमच्याकडे सध्या भुऱ्या एकटाच आहे. आता खातो चांगला, पण तिच्या पोत्यावर अजून कुणाला बसू देत नाही, मलासुद्धा नाही. पैलाडच्या एका गिऱ्हाइकाकडे मांजर व्यायली आहे, त्यांनी एक पिल्लू राखून ठेवलंय. गोदामाच्या मागच्या भिंतीतली दोन बिळं बुजवायची राहिलीत, ती बुजवून होऊ देत, मग आणू.