बाळाच्या मेंदूला ऑक्सिजन कधी कमी पडला? हे ठरवताना या चुका टाळा

बाळ जन्मताच रडलं नाही की प्रसूतीतच काहीतरी बिनसलं, असं सगळे धरून चालतात. असेलही. पण इजा पोटात असतानाच, काही दिवस किंवा आठवडे आधी झालेली असू शकते, आणि असं बाळ कळांचा ताण सोसताना लवकर गळपटतं.

अपगार स्कोरवरून (जन्मताच बाळाचा श्वास, ठोके, रंग वगैरे बघून दिलेले गुण) इजेची वेळ ठरवू नका. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ साली तो आणला, बाळाला तातडीची मदत लागेल का हे बघायला. मुदतपूर्व जन्म, संसर्ग, आईला दिलेली गुंगीची औषधं, कशानेही तो घसरतो.

सगळ्यांत महागात पडते ती नाळेच्या रक्तातली हयगय. नाळेचा तुकडा दोन्हीकडून चिमटे लावून लगेच वेगळा काढायचा आणि धमनी व शीर, दोन्हींतून नमुना घ्यायचा. एकच नमुना असला तर तो शिरेचा असू शकतो, आणि शिरेतला पीएच (रक्तातल्या आम्लतेचा आकडा, आम्ल वाढलं की घसरतो) धमनीपेक्षा बरा दिसतो. धमनीत पीएच ७.० च्या खाली आणि बेस डेफिसिट (रक्तात आम्ल किती साचलं याचं माप) १२ किंवा जास्त असेल, तर जन्माच्या आसपासच्या त्रासाची शक्यता बळावते. उलट निष्कर्ष, म्हणजे रक्त चांगलं तर इजा झालीच नाही, हा मात्र फसवा. आठवडाभरापूर्वी ऑक्सिजन तुटून पुन्हा सुरळीत झाला असेल, तर रक्त सावरतं, मेंदू नाही.

एमआरआयचा रिपोर्ट हातात आला की आधी स्कॅन कितव्या दिवशीचा ते बघा. डिफ्युजन स्कॅन (एमआरआयचाच ताजी इजा दाखवणारा प्रकार) पहिल्या २४ तासांत साफ वाटू शकतो, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी बोलका असतो, आठवड्यानंतर पुन्हा नॉर्मलसारखा भासू लागतो. कूलिंग, म्हणजे मेंदू वाचवायला बाळाचं अंग थंड ठेवण्याचा उपचार, दिलं असेल तर हे सगळं लांबतं. (कूलिंग जन्मानंतर ६ तासांच्या आत सुरू व्हायला हवं, इजा कधीची या वादात ते रखडवणं अक्षम्य.) इजा मेंदूच्या कुठल्या भागात आहे यावरून ऑक्सिजन अचानक तुटला की हळूहळू कमी पडत गेला याचा अंदाज येतो, तारीख कळत नाही.

डोक्याची सोनोग्राफी पाळण्याशेजारीच होते, तरी पहिल्या दिवशी राहून जाते. तेव्हाच मेंदूत पोकळ्या दिसल्या तर इजा जुनी, कारण त्या तयार व्हायला आठवडे लागतात.

सीटीजीचा (पोटातल्या बाळाचे ठोके आणि कळा यांचा आलेख) शेवटचा तुकडाच चाळला जातो. दाखल होतानाची पट्टी काढा: ती तेव्हाच सपाट होती की चांगली असून नंतर बिघडली?

आणि वार टाकून देऊ नका, पॅथॉलॉजीला पाठवा. जुन्या गुठळ्या, रक्तपुरवठा तुटून मेलेले भाग, संसर्ग हे तिथेच सापडतं, आणि दुसऱ्या दिवशी मागायला गेलं तर वार मिळत नाही.