उंबर फोडण्याआधी

एमएस्सीच्या प्रकल्पाला मी 'सहउत्क्रांती', म्हणजे दोन जीवांनी एकमेकांमुळे बदलत जाणं, हा विषय घेतला तेव्हा डोक्यात मादागास्करचं ऑर्किड होतं. त्याची वीतभराहून लांब मधुनळी पाहून डार्विनने १८६२ मध्ये लिहिलं, की एवढ्या सोंडेचा पतंग तिथे असणारच. १९०३ मध्ये तशा पतंगाचं वर्णन प्रसिद्धही झालं. पण मादागास्करला पाठवतंय कोण? घरामागच्या ओढ्याकाठी उंबर होता, तोच धरला. फळं खोडालाच लागतात, झाडावर चढावं लागत नाही. हा फायदा हलका समजू नका.

उंबरातल्या किड्यांना आजी केंबरी म्हणायची. परागवाहक केंबऱ्याचं शास्त्रीय नाव सेरॅटोसोलेन फ्युसिसेप्स. मादी फळाच्या टोकाच्या भोकातून आत घुसते, घुसताना पंख तुटतात. आतल्या फुलांवर ती छातीच्या खिशांतला पराग चक्क पायांनी काढून लावते, अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीचे बिनपंखी नर आपापल्या फुलांतून आधी बाहेर पडतात, माद्यांशी मीलन करतात आणि फळाच्या भिंतीत बोगदा पाडतात. माद्या पराग घेऊन त्यातून उडून जातात.

मी पहिल्या आठवड्यात छान लाल, पिकलेली उंबरं फोडत बसलो. सगळ्यांना भोकं, आत रिकामी टरफलं. वरात निघून गेल्यावर मांडवात पोचल्यासारखं. फळ घट्ट असतानाच घोसातलं एखादं कापून बघा. आतले नर हिंडायला लागलेले दिसले, की त्याच घोसातली बाकीची लगेच घ्या.

दुसरी चूक पिशवीची. बाहेरच्या परजीवी माश्या अडवायला मी घोसाला मच्छरदाणीचं कापड घट्ट गुंडाळलं. त्या माश्या फळात शिरतच नाहीत. शरीराहून कितीतरी लांब अंडनलिका बाहेरूनच भिंतीत खुपसतात. माझ्या जाळीवर आरामात बसून त्यांनी आरपार छिद्रं पाडली! बारीक मलमल घ्या आणि ती फळाला टेकू देऊ नका.

खरी अडचण मात्र मार्गदर्शक बाईंच्या प्रश्नाने झाली. "झाड किड्याला सोयीचं आहे, हे दिसतंच. पण दोघंही एकमेकांमुळे बदलले हे कशावरून?" जीवशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झन यांनी १९८० मध्ये हाच मुद्दा मांडला होता: एकाच्या बदलाला दुसऱ्याने बदलून उत्तर दिलेलं असलं पाहिजे. नुसती जोडी जुळते म्हणून सहउत्क्रांती म्हणायचं नाही. माझ्या पहिल्या मसुद्यातून तो शब्द अकरा ठिकाणी खोडला गेला. उंबराच्या कुळात पुरावा आहे, तो असा: आत शिरलेली परागवाहक मादी पराग लावायला विसरली, की काही जातींची झाडं ती फळं पिकण्याआधीच गाळतात, तिच्या पिलांसकट. अशा ठिकाणी पराग लावणारीच टिकते. असा दुतर्फी धागा सापडेपर्यंत थांबा.

आणि खोडावर ओंबील, म्हणजे पानं विणून घरटं करणारी लाल मुंगी, असेल तर तीही मोजा. परजीवी माशी भोक पाडत बराच वेळ बाहेर उभी राहते, म्हणून मुंग्यांच्या तावडीत सापडते. माझ्या वहीत त्या दिवसाचे आकडे अर्धेच आहेत. मुंग्या बाहीत शिरल्या होत्या.