फास्ट स्पेक्ट्रम मोजायचाय? मग आधी पेन-कागद घ्या

लॅबमधला ग्रेटिंगवाला (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी रेघांची पट्टी असलेला) ओएसए, म्हणजे ऑप्टिकल स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर, एका स्वीपला साधारण सेकंदभर तरी घेतो, आणि ५० मेगाहर्ट्झचा मोडलॉक (ठरावीक अंतराने अतिशय छोट्या पल्स सोडणारा) लेझर तेवढ्यात ५ कोटी पल्स सोडून मोकळा होतो, म्हणजे स्क्रीनवर जे छान गुळगुळीत दिसतं ती नुसती सरासरी असते.

तुमची गोष्ट मिलिसेकंदात बदलत असेल तर जास्त डोकं लावू नका, ग्रेटिंग आणि लाइन कॅमेरा (पिक्सेलची एकच ओळ असलेला) बसवा, सेकंदाला हजारो स्पेक्ट्रम आरामात मिळतात आणि लेझर सलग (पल्सशिवाय अखंड चालणारा) असला तरी चालतं.

प्रत्येक पल्सचा स्पेक्ट्रम वेगळा हवा असेल तर टाइम स्ट्रेच. पल्स लांब डिस्पर्सिव्ह (रंगांना वेळेत फाकवणाऱ्या) फायबरमधून सोडायची, प्रत्येक रंग वेगळ्या वेळी बाहेर पडतो, फोटोडायोड आणि स्कोप (ऑसिलोस्कोप) लावला की वेळेच्या अक्षावर स्पेक्ट्रमच उमटतो. २००७ साली कॅलिफोर्नियात ऑप्टिकल रोग वेव्ह (क्वचितच येणाऱ्या अवाढव्य प्रकाशलहरी) याच ट्रिकने पकडल्या होत्या. पण आधी हिशोब करा. १० किलोमीटर डीसीएफ (डिस्पर्शन कॉम्पेन्सेटिंग फायबर) घेतली तर साधारण १ नॅनोसेकंद प्रति नॅनोमीटर डिस्पर्शन मिळतं, ५० मेगाहर्ट्झला दोन पल्समध्ये जागा २० नॅनोसेकंदांची, म्हणून १० नॅनोमीटरचा स्पेक्ट्रम निवांत बसतो, ३० वाला शेजारच्या पल्सवर चढतो. रेझोल्युशनचं म्हणाल तर २० गिगाहर्ट्झचा स्कोप ०.०५ नॅनोमीटर देईल असं वाटतं, पण १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला एवढ्या डिस्पर्शनची स्वतःची मर्यादाच ०.१३ च्या आसपास आहे, त्यामुळे इथे आणखी महागडा स्कोप मागवणं म्हणजे पैसे पाण्यात, त्यापेक्षा फायबर वाढवा आणि पल्स चढत नाहीत ना ते परत तपासा.

सलग लेझरला हे चालत नाही, तिथे टाइम लेन्स (साधी लेन्स जागेत करते ते वेळेत करणारी रचना) लागते आणि तो सेटअप जुळवणं किचकट काम आहे.

गॅसच्या बारीक रेषा बघायच्या असतील तर ड्युअल कॉम्ब बेस्ट, कॉम्ब म्हणजे समान अंतरावरच्या अनेक फ्रिक्वेन्सी देणारा लेझर. १०० मेगाहर्ट्झचे दोन कॉम्ब, रिपिटिशन रेटमध्ये (सेकंदाला सुटणाऱ्या पल्समध्ये) १ किलोहर्ट्झचा फरक, की दर मिलिसेकंदाला एक इंटरफेरोग्राम (दोन्ही कॉम्ब मिसळून येणारा सिग्नल, ज्यातून स्पेक्ट्रम काढतात) आणि ५ टेराहर्ट्झची रुंदी. फरक दहापट केला तर वेगही दहापट, पण रुंदी एक दशांश होते, फुकट काही नाही.

टाइम स्ट्रेच केलं तर हजारेक शॉटची सरासरी काढून ओएसएच्या ट्रेसवर ठेवून बघाच. आकार फुगलेला दिसला तर बहुतेक फायबरमध्ये पॉवर जास्त जातेय, अटेन्युएटर (पॉवर कमी करणारा) फायबरच्या आधी लावा, नंतर लावून काही उपयोग नाही.