क्रमशः साहसकथा घरात कशी सुरू करायची आणि शेवटपर्यंत कशी न्यायची

"पोरं वाचत नाहीत हो" हे साताऱ्यात मी इतक्या घरांतून ऐकते की शेवटी म्हटलं, नीट लिहूनच काढूया. आणि खरं सांगू का, पोरंच कशाला, मोठी माणसंही चारशे पानांचं पुस्तक समोर आलं की ते उशाशी ठेवतात आणि मोबाईल उचलतात. पण तेच पुस्तक रोज वीस मिनिटं, एकच प्रकरण, आणि मग बंद असं दिलं ना तर दुसऱ्या दिवशी जेवताना कुणीतरी विचारतंच की आज पुढचं कधी. मधे जो थांबा असतो त्यातच सगळी गंमत आहे असं माझं ठाम मत आहे, आणि खाली जे काय सांगतेय ते सगळं तो थांबा सांभाळायसाठीच आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, जुन्या गाजलेल्या साहसकथांपैकी कितीतरी कथा एकगठ्ठा पुस्तक म्हणून आलेल्याच नाहीत. 'थ्री मस्केटिअर्स' १८४४ मधे पॅरिसच्या रोजच्या पेपरात हप्त्याहप्त्याने आली. 'ट्रेझर आयलंड' १८८१-८२ मधे एका मुलांच्या साप्ताहिकात आली. आपल्याकडे ह. ना. आपट्यांनी १८९० ला 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यातच त्यांच्या कादंबऱ्या क्रमशः यायच्या, शिवकाळावरची 'उषःकाल' पण त्यातलीच. म्हणजे लेखकाला माहीत असायचं की वाचक आता इथे थांबणार, घरात चर्चा करणार, आणि पुढचा अंक येईपर्यंत अर्धं विसरणार. म्हणून प्रत्येक भागात एक छोटं संकट, शेवटी एक वळण, आणि पुढच्या भागात हळूच मागची आठवण. हेच पुस्तक एका रात्रीत संपवलं की त्या आठवणी पाल्हाळ वाटतात आणि दर प्रकरणाच्या शेवटचा धक्का नाटकी वाटतो, मग लोक म्हणतात जुनी पुस्तकं बोअर आहेत. ती हप्त्यांनीच वाचायला केलेली आहेत.

पहिलं पुस्तक कोणतं? मी डोळे मिटून फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नचं 'ऐंशी दिवसांत जगप्रवास' हेच सांगते. ते १८७२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात पॅरिसच्या पेपरात येत होतं, आणि गोष्टीतला काळ पण तोच, गोष्टीचा नायक फॉगसाहेब २ ऑक्टोबर १८७२ ला लंडनहून निघतात आणि २१ डिसेंबरपर्यंत परत पोचायची पैज असते. म्हणजे वाचणाऱ्याच्या घरातलं कॅलेंडर आणि गोष्टीतलं कॅलेंडर जवळजवळ बरोबरीनं चाललेलं, विचार करा काय मजा आली असेल. आणि आपल्या लोकांसाठी त्यात मुंबई आहे! मलबार हिलच्या देवळात फॉगसाहेबांचा नोकर पासपार्टू बूट घालून शिरतो आणि मार खाऊन अनवाणी पळतो, मग पुढे रेल्वेचे रूळच संपतात आणि फॉगसाहेब दोन हजार पौंड मोजून हत्ती विकत घेतात. (खरी मुंबई-कलकत्ता लाईन १८७० लाच जबलपूरला जोडली गेली होती, पण व्हर्नला हत्ती पाहिजे होता आणि मला त्याचं काहीच वाईट वाटत नाही.) त्यात सतीचा प्रसंग येतो आणि आपला देश परक्या माणसाच्या नजरेतून दिसतो, तो भाग गाळू नका, वाचा आणि मुलांशी त्यावर बोला, मुलं फार चांगले प्रश्न विचारतात.

आता महत्त्वाचं, पुस्तक विकत घ्यायच्या किंवा वाचनालयातून आणायच्या आधी अनुक्रमणिका बघा. व्हर्नच्या या मूळ पुस्तकात ३७ प्रकरणं आहेत, 'ट्रेझर आयलंड'मधे ३४, शेरलॉक होम्सच्या बास्करव्हिलच्या शिकारी कुत्र्याच्या गोष्टीत १५. तुमच्या हातातल्या मराठी पुस्तकात बाराच प्रकरणं दिसली तर ते संक्षिप्त आहे, आणि संक्षिप्त करताना पहिलं काय उडतं तर प्रकरणांचे शेवट, म्हणजे नेमकं आपल्याला हवं तेच. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणून दोन पिढ्यांना वेड लावलं, त्यांची रूपांतरं मिळाली तर सोडू नका, आधी एक-दोन प्रकरणं मोठ्यानं वाचून बघा, जीभ अडखळत नसेल तर घ्या. नुसतं चाळून बघायचं असेल तर एखाद्या रविवारी पोरांना घेऊन भिलारला जा, पाचगणीच्या जवळच आहे, पुस्तकांचं गाव, घराघरांत पुस्तकं मांडलेली असतात आणि बसून वाचता येतं. पोरांनाच निवडू द्या कुठली गोष्ट घ्यायची.

वेळेचं सांगते. एक वेळ ठरवा आणि ती मोडू नका. जेवण झाल्यावर, भांडी आवरल्यावर, जे काय असेल ते. रोज एक प्रकरण सगळ्यात भारी, जमत नसेल तर आठवड्यात तीन. आठवड्यातून एकापेक्षा कमी झालं की धागा तुटतो, मग कोण हा पासपार्टू आणि कोण हा फिक्स (फॉगसाहेबांच्या मागावरचा पोलीस) इथपासून सुरू करावं लागतं. आपल्याकडे श्रावणात पोथी लावायची पद्धत आहेच की, हरिविजयाचे ३६ अध्याय, रोज थोडं थोडं, कुणी म्हणत नाही की आज सगळं संपवूनच उठू. घरात ज्यांना ती सवय आहे, आजी किंवा आत्या, त्यांच्याकडे वाचायचं काम द्या, त्यांचा आवाज आणि दम दोन्ही तयार असतात आणि कुठे थांबायचं ते त्यांना बरोबर कळतं. सुरुवात पावसाळ्यात करा. आपल्याकडचा पाऊस लागला की संध्याकाळी कुणी बाहेर पडत नाही, लाईट पण जाते, घर आपोआप एका खोलीत गोळा होतं. स्टीव्हन्सनचं 'ट्रेझर आयलंड' पण पावसातच सुरू झालं, १८८१ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधल्या ब्रेमर गावात सगळे पावसानं घरात अडकलेले, सावत्र मुलासोबत एका बेटाचा नकाशा काढला आणि मग रोज एक प्रकरण लिहून घरच्यांना वाचून दाखवायला लागला. त्याचे वडील त्यात इतके रंगले की मेलेल्या खलाशाच्या पेटीत काय काय सापडावं याची यादी त्यांनीच करून दिली. ऐकणाऱ्या म्हाताऱ्या माणसानं गोष्टीत भर घातली, हे मला त्या पुस्तकातल्या खजिन्यापेक्षा जास्त आवडतं.

मोठ्यानंच वाचायचं बरं का. प्रत्येकानं आपापलं वाचून या असं केलं की एक जण पुढे पळतो आणि एक मागे राहतो आणि मग दोघांनाही मजा येत नाही. वाचणाऱ्यानं फार नाटक करायची गरज नाही, फक्त संवादाच्या आधी जरा थांबायचं आणि प्रकरणाच्या शेवटच्या ओळीला घाई करायची नाही. बास्करव्हिलच्या गोष्टीत दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी डॉक्टर सांगतो की ते ठसे एका प्रचंड कुत्र्याचे होते, तिथे पुस्तक मिटायचं आणि लाईट लावायला उठायचं, काही बोलायचं नाही. सगळे ओरडतील, अजून एक, अजून एकच. द्यायचं नाही. इथे जो मऊ पडला त्याचा उपक्रम चौथ्या दिवशी संपतो कारण एकदा दोन दिले की उद्या तीन मागतात आणि परवा कुणालाच घाई राहत नाही. उरलेल्या पानांना रबर लावून ठेवा, रात्री चोरून वाचणारे प्रत्येक घरात असतात. आणि उलटं पण करू नका, मुद्दाम प्रकरणाच्या मधेच तोडून उत्सुकता वाढवायला जाऊ नका, लेखकानं जागा बघूनच तोडलेलं असतं.

मग उरलेल्या चोवीस तासांत काय करायचं? एक रिकामा डबा ठेवा. प्रत्येकानं पुढे काय होणार ते चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचं, दुसऱ्या दिवशी वाचायच्या आधी डबा उघडायचा. लहान पोरगं पण पेन शोधायला लागतं. मागचं काय झालं ते सांगायचं काम घरातल्या सगळ्यात लहानाला द्या, तो चुकला तर बाकीचे दुरुस्त करतात आणि तेवढ्यात सगळ्यांची उजळणी होते. व्हर्न वाचत असाल तर भिंतीवर जगाचा नकाशा लावा आणि जिथे पोचतील तिथे टिकली चिकटवा, लंडन, सुएझ, मुंबई, कलकत्ता, हाँगकाँग, योकोहामा, सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क. नावं परकी असतात म्हणून माणसं गळतात, तर एका कागदावर नाव आणि पुढे दोन शब्द, पैज लावणारा, पाठलाग करणारा, बस.

साताऱ्यातल्या निम्म्या घरांची पोरं पुण्यात आहेत, तिथे रोज एकत्र बसणं होत नाही. अशांनी आठवड्याचे दोन भाग ठरवायचे, वाचणाऱ्यानं फोनवर आवाज रेकॉर्ड करून फॅमिली ग्रुपवर टाकायचा आणि रविवारच्या फोनवर फक्त त्याच्यावर बोलायचं. "जेवलास का, बरा आहेस ना" यापलीकडे बोलायला काहीतरी मिळतं, आणि शुक्रवारच्या एसटीत पोरगं तोच भाग परत ऐकतं. ज्यानं पुढचं वाचलंय त्यानं तोंड उघडायचं नाही हा एकच नियम, तो मात्र कडक.

प्रतिलिपीसारख्या ॲपवर आजचे लेखक मराठीत भाग टाकतात, तिथे पण हीच रीत चालते, फक्त सुरू करायच्या आधी दोन गोष्टी बघा. मालिका पूर्ण झालीये की चालू आहे, आणि चालू असेल तर मागच्या भागांच्या तारखा. दर आठवड्याला येणारा लेखक असेल तर बिनधास्त धरा, चालू गोष्टीची वाट बघण्यात जी मजा आहे ती संपलेल्या गोष्टीत येत नाही. पण मधेच चार महिन्यांची गॅप दिसली तर पूर्ण होऊ द्या, मग या. आणि पूर्ण झालेली मालिका असली तरी दिवसाला एकच भाग, पुढचा भाग दाबायचं बटन समोर असतं म्हणून दाबायचंच असं नाही.

ज्यांना ३७ प्रकरणांची भीती वाटते त्यांनी बास्करव्हिलच्या १५ पासून सुरू करा, पण घरात सात-आठ वर्षांचं कुणी असेल तर ते रात्री वाचू नका, संध्याकाळी वाचा. एक पुस्तक संपलं की लगेच दुसरं उघडू नका, आठवडाभर जाऊ दे, कुणीतरी स्वतःहून विचारेपर्यंत थांबा. 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' आत्ताच नको, ११७ प्रकरणं आहेत आणि पेपरात सुद्धा ते १८४४ ते १८४६ असं चाललं होतं, दोन-तीन पुस्तकं पार पडली आणि डब्यात चिठ्ठ्या पडायच्या थांबल्या नाहीत की मग ते काढा.