लॅपटॉपवर गाणं करायचंय? मग या चुका टाळा

गेल्या महिन्यात आमच्या कॉलनीतला एक मुलगा लॅपटॉप काखोटीला मारून घरी आला. सव्वा लाखाचा गेमिंग लॅपटॉप, की-बोर्डखाली सप्तरंगी दिवे. "काका, एवढे पैसे घातले, पण ढोल सुरू झाला की तडतड होते. विकून टाकू का?" जाहिरातीसाठी फोटोसुद्धा काढून ठेवले होते त्याने.

प्रोजेक्ट उघडून बघितला. मिरवणुकीसाठी नाशिक ढोलाचा ट्रॅक. ढोलाचे बावीस चॅनल, सगळे एकाच बसवर, म्हणजे आवाज एकत्र आणणाऱ्या एका वाटेवर, वळवलेले आणि त्या बसवर एकाखाली एक आठ प्लगइन, म्हणजे आवाजावर काम करणारी छोटी सॉफ्टवेअर. त्यात दोन लिमिटर (आवाजाची कमाल पातळी रोखणारे) आणि एक लिनिअर फेज इक्वलायझर (जाड-बारीक आवाजाचा तोल साधणारा). टास्क मॅनेजर म्हणतोय प्रोसेसर २८ टक्के, आणि स्पीकरमधून शेंगदाणे भाजल्यासारखा आवाज.

हा घोटाळा बहुतेकांना कळतच नाही. एका चॅनलवरचे प्लगइन रांगेने चालतात. पहिल्याचं काम झाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालता येत नाही, म्हणून ती सगळी रांग साधारणपणे प्रोसेसरच्या एकाच कोअरवर येते. सोळा कोअर असले तरी पंधरा हातावर हात धरून बसतात आणि एकटा मरतो. टास्क मॅनेजर सगळ्यांची सरासरी दाखवतो, त्यामुळे २८ टक्के बघून आपली फसगत होते. खरा आकडा सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या मीटरवर बघायचा. आम्ही दोन प्लगइन काढले, बाकीचे ढोल-ताशाच्या वेगवेगळ्या गटांवर वाटून टाकले, तयार झालेले चॅनल फ्रीझ केले, म्हणजे प्लगइनसकट रेकॉर्ड करून ठेवले. पंधरा मिनिटांत तडतड बंद. लॅपटॉप तोच.

म्हणून पहिली चूक ही, की कोअर मोजून लॅपटॉप घेणं. आपल्या कामाला एका कोअरचा वेग जास्त लागतो, आणि तो वेग तासभर टिकायला हवा. नाशिकात एम. जी. रोडला किंवा कॅनडा कॉर्नरला दुकानं फिरताना विक्रेता 'आय सेव्हन आहे साहेब' एवढंच सांगतो. पुढची अक्षरं आपण वाचायची. इंटेलच्या नावाच्या शेवटी 'यू' असेल तर तो कमी विजेवर चालणारा, 'एच' असेल तर जास्त दमाचा. एएमडीच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा बघा, कारण पिढी तिथे लपलेली असते. ७५२० मधला २ म्हणजे जुनं झेन टू, ७८४० मधला ४ म्हणजे झेन फोर. डब्यावर दोन्हींचं नाव रायझन सात हजारच. ग्राफिक्स कार्डावर पैसे घालू नका. बहुतेक ऑडिओ प्लगइनना त्याचा काडीचाही उपयोग नाही, उलट त्याचा पंखा गायकाच्या माइकमध्ये येतो.

रॅम १६ जीबी घ्या. तबला, सतार, स्ट्रिंग्जच्या मोठ्या सॅम्पल लायब्ररी वापरणार असाल तर ३२. आजकाल बऱ्याच लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवू म्हणणाऱ्यांचं नंतर कधी येत नाही.

मॅक की विंडोज, यावर मित्रांमध्ये हाणामारी व्हायची वेळ येते. मी एवढंच विचारतो, की सॉफ्टवेअर कोणतं वापरणार? लॉजिक प्रो विंडोजवर चालतच नाही, तिथे विषय संपला. बाकी एबलटन, क्यूबेस, एफएल स्टुडिओ, रीपर दोन्हीकडे चालतात. विंडोजवाल्यांनी एक जपावं. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे नवे लॅपटॉप वजनाला हलके, बॅटरीला दणकट, पण त्यांना ड्रायव्हर (जोडलेलं उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) खास त्याच जातीचा लागतो. तुमच्या ऑडिओ इंटरफेसचा (माइक आणि वाद्यं लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्याचा) तसा ड्रायव्हर कंपनीने काढलेला आहे का, हे आधी बघा. नाहीतर इंटरफेस शोभेला उरू शकतो.

बफरचा आकडा बदलायचाच राहतो

'की दाबली की आवाज उशिरा येतो' आणि 'आवाज तुटतो' या दोन तक्रारी एकाच खुंटीच्या दोन बाजू आहेत. ती खुंटी म्हणजे बफर, आवाजाचे किती नमुने (सॅम्पल) एका घासात घ्यायचे तो आकडा. मोठा ठेवला तर आवाज उशिरा येतो, फार लहान ठेवला तर तुटतो. ४८,००० सॅम्पल रेटला २५६ चा बफर म्हणजे साधारण ५.३ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात आवाज हवेतून साधारण १.८ मीटर जातो. म्हणजे मॉनिटर स्पीकर दोन पावलं मागे सरकवल्यासारखं. त्यात ड्रायव्हर आणि इंटरफेसची थोडी भर पडते, तरी वाजवता येतं. रेकॉर्डिंगला १२८ किंवा २५६, मिक्सिंगला सरळ १०२४. लोक ६४ ला ठेवून चाळीस ट्रॅकचं मिक्सिंग करतात आणि शिव्या लॅपटॉपला घालतात.

विंडोजवर इंटरफेससोबत आलेला स्वतःचा एसिओ (ASIO, आवाज कमी उशिराने पोचवणारा) ड्रायव्हर निवडा. आणि ब्लूटूथ हेडफोन लावून की-बोर्ड वाजवू नका, त्यात दीड-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. सम निघून गेल्यावर 'धा' ऐकू येतो.

बफर वाढवला, प्लगइन कमी केले, तरी दर काही सेकंदांनी 'टक्' येतोच? मग संशय ड्रायव्हरवर. आधी वाय-फाय बंद करून बघा. मग ब्लूटूथ. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. लेटन्सीमॉन नावाचं छोटं सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालवलं, की कोणता ड्रायव्हर मध्येच प्रोसेसर अडवून धरतोय त्याचं नावच सांगतं. ओळखीचा दुकानदार असेल तर घेण्याआधी शोरूमच्या लॅपटॉपवर हे चालवू देतो का विचारा. मी विचारतो. दोघांनी वेड्यात काढलं, तिसऱ्याने चहा पाजून चालवू दिलं.

स्टेजवरचं गणित वेगळं

घरात चाललेला लॅपटॉप लॉनवर चालेलच असं नाही. हे मी एप्रिलमधल्या एका हळदीत शिकलो. दुपारी चारचा साऊंड चेक, अंगावर ऊन, आणि डेकोरेटरने टेबलावर छान पिवळं सॅटिन अंथरलेलं. लॅपटॉप त्यावर ठेवला. खालच्या जाळीला ते कापड जाऊन चिकटलं. तिसऱ्या गाण्याला पॅडचा आवाज फाटायला लागला, चौथ्याला स्ट्रिंग्ज गायब. ऑक्टोपॅडवाल्याने माझ्याकडे एकदा बघितलं, केहरवा धरला आणि मी लॅपटॉप उचलून मांडीवर घेईपर्यंत चार मिनिटं तोच वाजवत राहिला. नवरीच्या मावश्या मात्र त्या चार मिनिटांत सगळ्यात जास्त नाचल्या.

ॲपल आपल्या लॅपटॉपसाठी बाहेरचं तापमान ३५ अंशांपर्यंतच असावं म्हणते, आणि आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा चाळिशीला टेकतो. गरम झालेला प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो, आणि तिथे आवाज तुटतो. मॅकबुक एअरला तर पंखाच नाही. घरी गाणी बनवायला झकास, पण उन्हातल्या लॉनवर मी तो नेणार नाही. कोणताही लॅपटॉप असो, स्टँडवर ठेवा, खालून वारा जाऊ द्या, आणि स्टेजच्या पार (PAR) दिव्यांच्या झोतातून बाजूला ठेवा. नवा घेतलात तर बिल ताजं आहे तोवर घरी दोन तास तोच प्रोजेक्ट लूपवर चालवून बघा. पहिल्या दहा मिनिटांत सगळेच पळतात.

दुसरी डोकेदुखी म्हणजे घूंऽऽ. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून थेट मिक्सरला वायर टाकली आणि मंडपाचा जनरेटर सुरू झाला, की हा पाहुणा येतोच. चार्जर काढून बघा. घूं थांबली तर दोष अर्थिंगच्या फेऱ्यात आहे, लॅपटॉप चांगला आहे. इंटरफेसमधून बॅलन्स्ड वायरने (घरघर न पकडणाऱ्या तीन तारांच्या वायरने) द्या, नाहीतर मध्ये डीआय बॉक्स (लॅपटॉपचा आवाज मिक्सरला जुळवून देणारा डबा) लावून त्याचं ग्राउंड लिफ्ट, म्हणजे आवाजाच्या वायरची अर्थ तोडणारं बटण, दाबा. लॅपटॉप, इंटरफेस आणि मिक्सर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेता आले तर उत्तम. साऊंडवाला म्हणेल, "चार्जरची अर्थची पिन काढून टाका, जाईल आवाज." आवाज जाईल, पण पत्र्याच्या अंगाच्या लॅपटॉपला हात लावताना तुमचंही काहीतरी जाऊ शकतं. पावसाळी गणपतीत तर अजिबात नको.

तिथे बॅटरीही कामाला येते, म्हणून जुना लॅपटॉप घेणाऱ्यांनी विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला लावावा. मूळ क्षमता आणि आताची क्षमता दोन्ही आकडे त्यात असतात. आता निम्म्यावर असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापा.

पोर्ट मोजा. इंटरफेस, मिडी की-बोर्ड, लायसन्सचा डोंगल, झाले तीन. पातळ लॅपटॉपला दोनच सी-टाइप असतात. मग स्वस्त हब येतो आणि पायात वायर अडकली की तिन्ही एकदम जातात. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या, आणि इंटरफेसला मात्र थेट पोर्ट द्या.

कार्यक्रमाच्या आठवड्यात विंडोज अपडेट पॉज करा, सगळी लायसन्स घरीच ऑफलाइन चालतात का ते नेट बंद करून बघा. नाशिकबाहेर गिरणारेच्या पुढे एखाद्या फार्महाउसवर प्लगइन 'लॉग इन करा' म्हणाला, तर काय करणार?

आणि घटस्थापनेच्या तोंडावर नवा लॅपटॉप घेऊ नका. जुन्यावर नऊ रात्री काढा, नवा दसऱ्याला घरी आणा. तो कॉलनीतला मुलगा आता वाय-फाय बंद करून बसतो, त्यामुळे व्हॉट्सॲपला उत्तर येत नाही म्हणून त्याची आई माझ्यावर चिडलेली आहे.